डिझेल गाडी ‘एअर’ का धरते?
सकाळी डिझेल गाडी नुसती घरघरते, सुरूच होत नाही? या दुखण्यामागे इतिहास आहे.

1897 मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेनेच आत फवारलं जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर मोटारीत मावणार कसा? 1927 मध्ये बॉशने इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केलं. 1936 मध्ये मर्सिडीज 260 डी आली.

पण आता तीच हवा शत्रू झाली! पाइप चिरला, वॉशर सैल झाला की रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं, लाइनमध्ये हवा शिरते. पंप मारतो, पण हवा नुसती दबते. नोझल उघडतच नाही.

म्हणून सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका. आधी गळती शोधून जोड बदला, मग हातपंपाने एअर काढा. नुसती एअर काढलीत, तर उद्या सकाळी पुन्हा तेच!