काळ्या तुळशीची कुळकथा

काळी तुळस, म्हणजेच कृष्णतुळस, पानांवरच्या जांभळट झाकेवरून आणि गडद देठांवरून ओळखू येते. हिरव्या पानांची ती पांढरी किंवा रामतुळस. घरोघरी या दोन वेगळ्या मानल्या जातात, पण वनस्पतिशास्त्राच्या लेखी जात एकच. लिनियसने १७५३ साली तिला ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हटले आणि १७६७ साली त्याच झाडाला ‘ऑसिमम सँक्टम’ असे दुसरे नावही दिले. आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या नियमाने आज पहिलेच चालते, तरी औषधांच्या पुस्तकांत दुसरे अजून टिकून आहे.

जांभळेपणा येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यातून. जांभळाची साल आणि पिकलेले कोकम यांचा रंगही याच वर्गातल्या द्रव्यांचा. पानातले हरितद्रव्य या रंगाखाली झाकलेले असते, त्यामुळे झाडाच्या अन्न तयार करण्यात खंड पडत नाही. सावलीत हीच तुळस हिरवट होत जाते. उन्हात ठेवली की रंग पुन्हा चढतो. वासाचे मुख्य कारण युजेनॉल हे तेल. लवंगेच्या वासाचेही तेच.

मूळ भूमीबद्दल २०१४ साली हरितलवकांतील जनुकांवरून एक अभ्यास झाला, त्याचा कौल उत्तर-मध्य भारताकडे जातो. २०१५ साली बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील संशोधकांनी काळ्या तुळशीचा जनुकसंच वाचला. त्याच वर्षी लखनौच्या सीमॅप संस्थेनेही तुळशीचा जनुकसंच प्रसिद्ध केला.

झाड दारापर्यंत आले ते पूजेच्या वाटेने. पुराणांतली वृंदा, कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लागणारे तुळशीचे लग्न, वारकऱ्याच्या गळ्यातली माळ, विठ्ठलाच्या गळ्यातले तुळशीहार आणि वारीत बायकांनी डोक्यावर नेलेले वृंदावन हे सगळे मराठी घराला तोंडपाठ आहे. तुळशीचे महत्त्व विरोधकांनाही नेमके कळले होते. गोव्यातील इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानात घरात, परसात, बागेत तुळस लावण्यास मनाई होती. एका झुडपासाठी फर्मान काढावे लागले, यावरून ते घराच्या ओळखीत किती खोल रुजले होते ते दिसते.

या झाडाची खरी परीक्षा पाहणारा प्रदेश म्हणजे कशेडी घाटाच्या पायथ्याचा महाड-पोलादपूर पट्टा. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तुळशीला मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. अंगणातले उंच वृंदावन इथे फार उपयोगी ठरते: माती जमिनीपासून वर राहते आणि पाणी निथळून जाते. वृंदावन बांधले ते भक्तीने, पण झाडाला त्याचा असा आधार मिळाला. तुळस बाजारातून आणायची वस्तू नव्हती; वाळलेल्या मंजिऱ्या किंवा पावसात वृंदावनाभोवती उगवलेले रोप शेजारणीकडून यायचे. बी राखण्याची ही साधी रीत शेकडो वर्षे चालली, आणि कुळकथेतला हा भाग कोणत्याही पुराणकथेइतका मोलाचा आहे. चाकरमान्यांबरोबर तुळस मुंबईच्या चाळींत गेली आणि डब्यात किंवा कुंडीत वाढू लागली.

अलीकडे रोपवाटिकांत जांभळी बेसिल मिळते. ती काळी तुळस नव्हे, तर सब्जाच्या जातीतली, ‘ऑसिमम बॅसिलिकम’मधली निवड आहे. फालुद्यात घालतात ते सब्जाचे बी याच जातीचे. ‘डार्क ओपल’ हे तिचे नावाजलेले वाण अमेरिकेतील कनेटिकट विद्यापीठात १९५० च्या दशकात तयार झाले आणि १९६२ साली त्याला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. दोन्हींचा जांभळा रंग अँथोसायनिनचाच, म्हणून फसगत होते. पान चुरगाळून पाहावे: तुळशीला लवंगेचा झणका असतो, बेसिलला गोडसर, बडीशेपेजवळचा वास.

घरच्या बागेत काळी तुळस लावायची तर बी फार बारीक असते हे लक्षात ठेवावे. चाळलेल्या शेणखतमिश्रित मातीवर ते भुरभुरावे, खोल पुरू नये. आठवडा-दोन आठवड्यांत रोपे दिसतात. कुंडीला तळाशी भोक हवे आणि दिवसभराचे ऊन हवे. मंजिऱ्या खुडत राहिले की झाड भरते. मात्र बियाण्यासाठी सगळ्यात गडद झाडाच्या थोड्या मंजिऱ्या राखाव्यात. पांढरी तुळस जवळ असेल तर मधमाश्या दोन्हींवर फिरतात आणि पुढच्या पिढीत हिरवी रोपे निघतात. ती वेगळी काढून गडद रोपेच पुढे न्यावीत.