‘काँप्यूटर’ : ट्यूरिंग यांच्या निबंधातील एक शब्द

अ‍ॅलन ट्यूरिंग (१९१२–१९५४) यांच्या १९३६ च्या निबंधात ‘काँप्यूटर’ हा शब्द येतो, तो यंत्रासाठी नव्हे. कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी. आजचा वाचक येथे हटकून चकतो. या माणसाच्या मनोवस्था व त्याची चिन्हे संख्येने मर्यादित होत, असे मानून ट्यूरिंग यांनी त्याच्या कृतीचे लहानांत लहान पायऱ्यांत पृथक्करण केले आणि त्यावर आपल्या कल्पित यंत्राची उपपत्ती उभारली. तार्किक विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची हिल्बर्ट यांना अभिप्रेत असलेली सर्वसाधारण रीत संभवत नाही, हे अलोंझो चर्च यांनी अन्य मार्गाने थोडे आधीच दाखविले होते. परंतु ‘रीत’ म्हणजे काय, हे पटवून दिले ते ट्यूरिंग यांनीच. खुद्द गोडेल यांना चर्च यांची व्याख्या पटली नव्हती. ट्यूरिंग यांची पटली.