मेला मुटेर
मुटेर, मेला : (२६ एप्रिल १८७६–१४ मे १९६७). पोलंडमध्ये जन्मलेली, पॅरिस ही कर्मभूमी असलेली उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकर्त्री. मूळ नाव मारिया मेलानिया क्लिंग्सलांड. जन्म वॉर्सा येथे, सधन ज्यू व्यापारी कुटुंबात. घरी लेखक-कलावंतांचा राबता असे. १८९९ मध्ये लेखक व समीक्षक मिखाऊ मुटरमिल्ख याच्याशी तिचा विवाह झाला. ‘मुटेर’ हे त्याच्याच आडनावाचे आखूड रूप. वॉर्सात स्त्रियांसाठीच्या चित्रशाळेत प्राथमिक धडे घेऊन १९०१ मध्ये ती पती व तान्ह्या मुलासह पॅरिसला आली. कोलारोसी आणि ग्रांद शोमिएर या अकादमींत ती थोडाच काळ शिकली. पुढचे सारे तिने स्वतःच कमावले.

तिला खरी वाट सापडली ती ब्रिटनीच्या किनाऱ्यावर. कोळी, म्हाताऱ्या बाया, अंगावर पाजणाऱ्या थकलेल्या आया हे तिचे विषय. या मातांना तिने देवत्व दिले नाही, की त्यांची कीवही केली नाही. गोगँ आणि व्हॅन गॉख यांचे ऋण तिच्या रंगांत दिसते; मात्र अस्तर न दिलेल्या खरबरीत कॅनव्हासवर जाड, कोरड्या रंगाचे फटकारे मारून मधेमधे कापड उघडेच ठेवण्याची रीत तिची स्वतःची. तिची व्यक्तिचित्रे तर याहून मोलाची. चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार, चित्रकार दिएगो रिव्हेरा, कादंबरीकार व्वादिस्वाव रेमाँट अशी बडी मंडळी तिच्यासमोर बसली, पण तिने कोणाचीही खुशामत केली नाही. थकवा, वय आणि बेडौल हात जसे दिसले तसे तिने रंगविले.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ तिला फार कठीण गेला. विवाह मोडला. तिचा प्रियकर, समाजवादी लेखक रेमों लफेव्र, १९२० मध्ये रशियाहून परतताना समुद्रात बेपत्ता झाला. १९२४ मध्ये एकुलता एक मुलगा आंद्जेय वारला. याच दशकात ती कॅथलिक झाली, कवी रिल्के याच्याशी तिचा स्नेह जुळला आणि १९२७ मध्ये तिला फ्रेंच नागरिकत्व मिळाले. वास्तुविशारद ओग्युस्त पेरे याने तिच्यासाठी पॅरिसमध्ये घर बांधले. या काळात दक्षिण फ्रान्समधील गावे आणि नद्या तिच्या चित्रांत येऊ लागल्या.

दुसऱ्या महायुद्धात ती आव्हिन्याँ येथे राहिली व शाळेत शिकवून तिने गुजराण केली. पुढे मोतीबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली. १९६५ मधील शस्त्रक्रियेनंतर काहीसे दिसू लागताच, नव्वदीच्या उंबरठ्यावर तिने पुन्हा कुंचला हाती घेतला. पॅरिस येथे तिचे निधन झाले.