तळटीप : ‘विद्यापीठाचे पोलीस’ ह्या उल्लेखाविषयी

* मूळ लेखातील ‘विद्यापीठाचे पोलीस’ हे शब्द वाचून आपल्याकडील वाचकांस देवडीवरचे पहारेकरी आठवण्याचा संभव आहे. वस्तुतः अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अटकेचा अधिकार असलेले सशस्त्र असे स्वतंत्र पोलीसखातेच असते, आणि १८९४ साली न्यू हेवन शहराचे दोन शिपाई येल विद्यापीठात नेमले गेले, तेथून त्याचा आरंभ मानतात. ज्या संस्थेच्या वेतनावर हे खाते चालते, तिच्याच लौकिकास बाध आणणाऱ्या फिर्यादी त्याने नोंदवावयाच्या, ही यातील खरी अडचण होय. १९८६ च्या एप्रिलमध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी ह्या विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आपोआप बंद व्हावयाची दारे त्या रात्री पिझ्झाच्या खोक्यांनी अडवून उघडी ठेवलेली होती. तिच्या आईवडिलांच्या अविश्रांत खटपटीने १९९० साली कायदा झाला, आणि आता केंद्र सरकारचे अर्थसाह्य घेणाऱ्या संस्थांना तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे दरसाल प्रसिद्ध करावे लागतात, व पोलीसखाते असल्यास रोजची नोंदवही मागेल त्याच्यापुढे ठेवावी लागते. मात्र लैंगिक अत्याचाराच्या नोंदी एखाद्या वर्षी वाढल्या, म्हणून गुन्हेच वाढले असे मानण्याची घाई करू नये. पूर्वी जी मुलगी मुकाट्याने सोसत होती, तिला आता तक्रार करण्याइतका भरवसा वाटू लागला, असाही त्याचा अर्थ असू शकतो, आणि ज्या मोठ्या विद्यापीठाच्या तक्त्यात वर्षानुवर्षे शून्यच मांडलेले आढळते, तेथील दप्तर अधिक बारकाईने तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. — संपादक