शिवडीची बाग आणि राणीची बाग

नोव्हेंबर महिन्यात शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आप्तजनांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या कुटुंबांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, ही भूमी पूर्वी एक बाग होती. पश्चिम हिंदुस्थानातील कृषी व उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेने ती जोपासली होती. शहराला दफनासाठी नवी जागा हवी होती. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने १८६७ साली येथे दफनभूमी झाली. झाडांची माती अशी मृतांच्या वाट्याला आली.

संस्थेने तत्पूर्वीच भायखळ्यास दुसरी बाग मांडली होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीने ती लोकांसाठी खुली केली. सरकारी नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी तिला राणीची बाग केले. १८७३ मध्ये संस्था मोडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते मागाहून. ही मूळची वनस्पतींची बाग, हे आम्ही आवर्जून सांगतो, कारण आज मुलांना विचारावे तर ती पेंग्विनचेच नाव घेतात!

येथील हिरवळीवर कोणत्याही ऋतूत जावे, काही ना काही फुललेले असतेच. हिवाळा सरता सरता ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी तांबड्या झुंबरांनी लवते. मग सीतेचा अशोक, वैशाखात बहावा, पावसात कदंब.

शहराने टाकून दिलेल्या वस्तूंनाही या बागेने आसरा दिला. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेताना फुटला; त्याचे तुकडे १९१४ साली येथे सांधले गेले. ‘काळा घोडा’ १९६५ मध्ये येथेच आला.

२००७ पासून प्राणिसंग्रहालयाच्या भव्य विस्ताराची योजना पुढे आली, तेव्हा वृक्षांसाठी काही नागरिक, विशेषतः भगिनी, चिकाटीने उभ्या राहिल्या. वारसा समितीनेही ती योजना मान्य केली नाही. पिंजरे नवे होऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण शिवडीची बाग निदान मृतांच्या विसाव्यासाठी गेली होती, भायखळ्याची काँक्रीटसाठी का जावी?

आफ्रिकेतून आलेली गोरखचिंचही येथे आहे. तिचे पांढरे फूल पावसाच्या तोंडी रात्री उमलते आणि लवकरच कोमेजून गळते. ते पाहावयाचे असल्यास सकाळी लवकर जावे.