मधला हाच थोरला

दिवाळी सरली की देसाईगंज-वडशात नाट्यमंडळांच्या तारखा ठरू लागतात आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत कुठं मंडईची जत्रा, कुठं शंकरपटाची बैलशर्यत आणि त्या निमित्तानं रात्रभराचं नाटक. जेवणखाण आटोपून पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा जंगलपट्ट्याबाहेरच्या अनेकांना या नाटकांची पहिल्यांदा ओळख झाली.

त्या मांडवात जरा कान देऊन बसा. रंगमंचावर माइक टांगलेले असतात. नट हालचाल कुठंही करील, पण टाळीचं वाक्य टाकायला तो नेमका माइकखाली येतो. त्याचा आवाज बाहेर पडतो मात्र रंगमंचाच्या दोन्ही अंगांना रचलेल्या पेट्यांतून. मधोमध बसलेल्याला तो नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो. कडेला बसलेल्याचं तसं नाही. डावी पेटी त्याच्यापासून सहा मीटरवर आणि उजवी सोळा मीटरवर असेल, तर उजवीकडचा आवाज त्याच्या कानी जवळपास 30 मिलिसेकंद उशिरा पोचतो. आधी पोचलेला आवाज जिथून आला तिथंच बोलणारा उभा आहे, असं आपला मेंदू धरून चालतो. जर्मनीत हेल्मुट हासनं 1949 साली आपल्या प्रबंधात बोलण्याच्या बाबतीत हे मोजून दाखवलं. म्हणून डोळ्यांना नट मधे दिसतो आणि कानाला तो डावीकडच्या पेटीत सापडतो.

घरच्या दिवाणावर टीव्हीसमोर सगळं घर बसतं तेव्हा नेमकं हेच घडतं. होम थिएटरमधल्या मधल्या स्पीकरचं, म्हणजे सेंटर चॅनलचं, काम ही तक्रार मिटवण्याचं आहे. पण दुकानात त्याला सावत्र वागणूक मिळते. आधी डावा-उजवा जोड पसंत होतो, मग धडधडणारा सबवूफर, आणि उरल्यासुरल्या पैशांत मधली चिमुकली पेटी. कूळ तपासलं तर क्रम नेमका उलटा लागतो. मधला हाच या कुटुंबातला थोरला आहे.

बोलपट आले तेव्हा थिएटरात आवाजाची वाट एकच होती, पडद्यामागून येणारी. पडद्याला बारीक भोकं पाडलेली, त्यामागं भोंगा. 1931 साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, ते सगळं त्या एकाच वाटेनं. डावं-उजवं नव्हतंच. त्याच सुमाराला लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याला एक गोष्ट खटकत होती. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो, आवाज मात्र जागचा हलत नाही. डिसेंबर 1931 मध्ये त्यानं दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतली मंडळी दुसऱ्या बाजूनं तिथंच येत होती. रंगमंचापुढं माइकची लांबच लांब रांग लावायची, दुसऱ्या सभागृहात तितक्याच स्पीकरची रांग मांडायची, म्हणजे वाद्यवृंद जसाच्या तसा उचलून नेल्यासारखा होईल, ही त्यांची मूळ कल्पना. प्रत्यक्षात इतक्या तारा कुणाला परवडणार? कमी करत करत ते तीनवर थांबले. 27 एप्रिल 1933 रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि टेलिफोनच्या तारांवरून तो वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमधल्या तीन स्पीकरांतून लोक ऐकत होते. तिथं आवाजाची पातळी सांभाळायला त्या वाद्यवृंदाचा संचालक लिओपोल्ड स्टोकोवस्की स्वतः बसला होता. त्या मंडळींतल्या स्टाइनबर्ग आणि स्नो या दोन अभियंत्यांच्या मोजणीतला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. दोनच वाहिन्या ठेवल्या तर ऐकणारा मधून बाजूला सरकताच चित्र विस्कटतं. तिसरी मधे दिली की ते बरंच सावरतं.

सिनेमानं हा धडा सोडला नाही. 1953 साली सिनेमास्कोपचा ‘द रोब’ आला तेव्हा पडद्यामागं तीन स्पीकर होते, तिन्ही सारख्या तोलाचे, आणि संवाद नटाच्या जागेप्रमाणं त्यांच्यात सरकत.

मग घरात दोनच का आले? कारण तबकडी. 1957-58 मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली. तिच्या खाचेला भिंती दोन, एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. घराघरांत स्पीकरचा ‘जोड’ रूढ झाला तो या खाचेमुळं. कानाला दोनच लागतात म्हणून नव्हे. पॉल क्लिप्श या हट्टी माणसानं 1957 मध्येच ‘हेरेसी’ नावाचा स्पीकर काढला होता, खोलीच्या दोन कोपऱ्यांतल्या मोठ्या स्पीकरांमधली पोकळी भरायला. पण तो अपवादच.

‘स्टार वॉर्स’पासून, म्हणजे 1977पासून, डॉल्बी स्टिरिओ जगभर पसरलं. फिल्मवर पट्टे दोनच, पण दोन्हींत जे सारखं असेल ते ओळखून यंत्र मधल्या स्पीकरकडं पाठवायचं. आपल्याकडं रंगीत टीव्ही आला त्या 1982 साली डॉल्बी सराउंड घरांसाठी निघालं. त्यात मागचा आवाज होता, मधला मात्र नव्हता. तो मिळाला 1987च्या प्रो लॉजिकमध्ये. थोरला घरी आला तो सगळ्यांत शेवटी.

आणि आला तो आडवा होऊन. थिएटरात तो पडद्यामागं उभा असे. घरी काचेच्या नळीच्या टीव्हीमागं ठेवणार कसा? म्हणून टीव्हीच्या डोक्यावर मावेल अशी लांबट, बुटकी पेटी झाली. लोहचुंबकानं चित्रावर रंगाचे डाग पडू नयेत म्हणून तिला आतून चुंबकीय कवच द्यावं लागे. सपाट टीव्ही आले, कवचाची गरज सरली, पेटी टीव्हीखाली उतरली. आडवेपण तेवढं राहिलं. जोसेफ डॅपोलिटोनं 1983च्या सुमारास वर-खाली दोन वूफर (जाड आवाजाचे) आणि मधे ट्वीटर (बारीक आवाजाचा) अशी उभी रचना मांडली होती, तीच कंपन्यांनी कुशीवर निजवली.

याची किंमत कडेला बसणारा मोजतो. दोन वूफरांमध्ये 35 सेंटिमीटर अंतर धरा. समोरच्या रेषेपासून 30 अंश बाजूला बसलेल्या माणसाला एक वूफर दुसऱ्यापेक्षा साडेसतरा सेंटिमीटर दूर पडतो. 980 हर्ट्झच्या आसपास एवढं अंतर म्हणजे अर्धी लहर, म्हणजे दोन्ही वूफर एकमेकांना खोडून काढतात, तेही ऐन बोलण्याच्या पट्ट्यात. मधला स्पीकर काढून दोनच स्पीकरवर भागवावं म्हटलं तरी सुटका नाही. तेव्हा प्रत्येक कानाला एकच शब्द दोन बाजूंनी, सुमारे पाव मिलिसेकंदाच्या फरकानं मिळतो आणि दोन हजार हर्ट्झजवळ खळगा पडतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक कानाला कळायला ज्या व्यंजनांचा आधार लागतो, त्यांचं बळ याच भागात आणि त्याच्या वर असतं. आजी ‘काय म्हणाला?’ असं पुन्हापुन्हा विचारते तेव्हा दोष दर वेळी तिच्या कानांचा नसतो.

म्हणून माझं ठाम मत, समोरचे तीन स्पीकर सख्खे असावेत. जागा असेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा घ्यावा आणि तो उभाच ठेवावा. टीव्ही भिंतीवर थोडा वर टांगला की खाली तेवढी जागा होते. आडवाच घ्यायचा तर निदान त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, आणि दोन वूफरांच्या मधे ट्वीटर आणि मधल्या पट्टीचा छोटा स्पीकर एकावर एक बसवलेला. मग बोलण्याचा मुख्य भाग त्या छोट्या स्पीकरकडं जातो आणि कडेची खोडाखोड बरीच टळते.

मात्र नवा घेण्याआधी आहे तो नीट बसवून बघा. आमच्या झाडीपट्टीत टीव्हीचं शोकेस सागवानी.  त्या शोकेसच्या खणात ढकललेला स्पीकर घुमतो, पुरुषाचा आवाज माठातून आल्यासारखा होतो. पेटी पुढं ओढा, तिचं तोंड फळीच्या कडेच्या किंचित बाहेर येऊ द्या. खाली रबराचे तुकडे ठेवा, पुढचे जरा जाड, म्हणजे ट्वीटरचा रोख बसलेल्याच्या कानाकडं वळेल. रिसीव्हरमध्ये मधल्याला ‘स्मॉल’ करून 80 हर्ट्झखालचा भार सबवूफरवर टाका, अंतर टेपनं मोजून भरा, पातळी दीड-दोन डेसिबल वाढवून पाहा.

एवढ्यानं भागलं नाही तरच दुकानात जा. सोबत स्फोटांचा नव्हे, कुजबुजीचा प्रसंग घेऊन जा. विक्रेता मधल्या खुर्चीवर बसवील. तुम्ही उठून कडेच्या खुर्चीवर बसा, डोळे मिटा आणि प्रत्येक शब्द लागतो का ते बघा.