होसा : आरोग्यसेवेत जाऊ पाहणाऱ्या मुलांची संघटना
आपल्या घरांत आरोग्यसेवा म्हटलं की फक्त डॉक्टर आठवतो. ‘होसा’ ही अमेरिकेतली विद्यार्थी संघटना मुलांना त्यापलीकडचंही दाखवते. तिची स्थापना १९७६ ची. शाळा-कॉलेजांत तिच्या शाखा असतात आणि शिक्षक मार्गदर्शन करतात. प्रथमोपचार, सीपीआर, रुग्णशुश्रूषा, वैद्यकीय परिभाषा अशा विषयांच्या स्पर्धा होतात. राज्यपातळीवर चमकलेली मुलं दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उतरतात. नर्सिंग, फिजिओथेरपी की लॅब, आपल्याला काय झेपेल, याचा अंदाज मुलांना प्रवेश घेण्याआधीच येतो. आम्हाला हेच मोलाचं वाटतं. उद्या तुमची मुलगी ‘अम्मी, मला नर्सिंगला जायचंय’ म्हणाली, तर ‘डॉक्टरच हो’ म्हणण्याआधी तिचं नीट ऐकून घ्या.